झडतीच्या खोलीतलं टेबल

चोवीस वर्षं मी परक्या बायकांच्या अंगावरून हात फिरवून पोट भरलं. असं सरळ लिहिलं की लोक दचकतात, म्हणून आधीच सांगते. मी सोलापुरातल्या एका कापड मिलमध्ये फाटकावर झडतीवाली होते. माझं शिक्षण नगरपालिकेच्या शाळेत चौथीपर्यंत. नवरा त्याच मिलमध्ये होता, तो गेल्यावर मला ही नोकरी मिळाली.

माझी नात पुण्यात एका कंपनीत माणसांच्या खात्यात आहे. त्याला आता एच. आर. म्हणतात. मोठी पदवी घेतल्यावरही तिनं आणखी एक परीक्षा दिली आणि त्याचं प्रमाणपत्र काचेत घालून भिंतीवर लावलं. मला म्हणाली, आजी, तुला नाही कळायचं यात काय काय शिकावं लागतं. म्हणून हे लिहितेय. त्याच परीक्षेसाठी शिकणारी एक बाई सहा महिने माझ्या खोलीत बसली होती. काय शिकावं लागतं ते मी जवळून बघितलंय.

आधी झडती म्हणजे काय ते सांगते. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की पुरुष एका दारानं बाहेर पडायचे, बायका दुसऱ्या दारानं. बायकांच्या दाराला लागून पत्र्याची एक खोली होती. मी आणि दुसरी एक बाई तिथं उभ्या असायचो. बाई पुढे येणार, हात आडवे करणार. खांदे, काखा, कंबर, निऱ्या, अंबाडा, जेवणाचा डबा. मग पुढची. कुणी मिलमधून सूत नेऊ नये यासाठी हा सगळा खटाटोप. सूत नेणाऱ्या फार नव्हत्या, पण होत्या. एकीनं सुताची कांडी केसांत घालून वर अंबाडा बांधला होता आणि त्यावर मोगऱ्याचा गजरा. गजरा मस्त होता, पण ती बाई विधवा होती. त्या काळी विधवा गजरा माळत नसे, म्हणून सापडली. दुसरी एक भाकरीच्या चवडीत मधोमध कांडी ठेवायची. पहिल्यांदा सापडली तर मी कांडी काढून टोपलीत टाकायची आणि गप्प बसायची. दुसऱ्यांदा सापडली तर साहेबांकडे नाव द्यायची. असा नियम कुठं लिहिलेला नव्हता, तो माझा होता.

रोज एवढ्या अंगांना हात लागला की हाताला पुष्कळ कळायला लागतं. कुणाला ताप आहे, कुणी काल मार खाल्लाय, कुणाला दिवस गेलेत. नवऱ्याला कळायच्या आधी मला कळायचं. मी कुणाला सांगायची नाही. गप्प बसायची मला सवय लागली, आणि मी तिला चांगुलपणा समजत होते. या सगळ्या लिखाणात मला जे टोचतंय ते हेच आहे.

बहात्तरचा दुष्काळ सरून एखाद-दोन वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. एका सकाळी लेबर ऑफिसर नगरकरसाहेब एका मुलीला घेऊन माझ्या खोलीत आले. पांढरी साडी, खांद्याला पिशवी, हातात वर्तमानपत्राचं वेष्टण घातलेलं जाड पुस्तक. साहेब म्हणाले, "सोजरबाई, ह्या शालिनी बिराजदार. एम. ए. झाल्यात. आपल्याकडे सहा महिने शिकायला आल्यात. ऑफिसात सगळे पुरुष, लेडीजना बसायची सोय नाही. इथं टेबल टाकतो."

टेबल आलं आणि माझी खोली निम्मी झाली. पहिल्या दिवशी मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

चार दिवसांनी त्यांनीच सगळं सांगितलं. गाव मैंदर्गी, वडिलांचं किराणा दुकान, घरात बोलणं कानडी. इथं सात रस्त्याजवळ मावशीकडे राहायच्या आणि चालत यायच्या. कायद्यानं मोठ्या कारखान्याला कामगार कल्याण अधिकारी ठेवावाच लागतो, आणि त्याला नुसती कॉलेजची पदवी चालत नाही. पदवीवर आणखी एक पदविका घ्यावी लागते. तिचे वर्ग झाले होते. आता सहा महिने कारखान्यात काम करायचं, केलेलं काम एका वहीत लिहायचं, वहीवर लेबर ऑफिसरनं सही आणि शेरा द्यायचा, मग पुण्याला तिघांच्या समोर तोंडी परीक्षा. एवढं पार पडलं तर आपल्या नावाखाली ते तीन शब्द लिहिता येतात. वडिलांनी या परीक्षेपर्यंतच मुदत दिली होती. पास झाली तर नोकरी, नाही तर घरच्यांनी ठरवलेलं लग्न. मुलगा चांगला होता म्हणे, गावातच कापडाचं दुकान. "मुलगा वाईट नाही, सोजरबाई," त्या म्हणाल्या, "पण दुकानातून उठून मी पुन्हा दुकानातच बसायचं का?"

पहिला आठवडा त्यांनी छापील प्रश्नांचा कागद घेऊन घालवला. जेवणाच्या सुट्टीत वाइंडिंग खात्यातल्या, म्हणजे सूत कांड्यांवर गुंडाळणाऱ्या बायकांसमोर बसायचं आणि वाचायचं: आपण आपल्या कामाबाबत समाधानी आहात काय? बायका म्हणायच्या, व्हय. वरिष्ठांची वागणूक कशी असते? चांगली. काही अडचण? न्हाय. संध्याकाळी बाई हिरमुसून बसल्या. मी म्हटलं, "हातात कागद घेऊन विचारलं की बाई व्हयच म्हणणार. पोलीस बी कागदच घेऊन येतो. कागद ठेवा आणि माझ्याशेजारी उभ्या राहा. झडतीला हात आडवे केल्यावर बाई खरं बोलते. का ते मला माहीत नाही."

त्या खरंच उभ्या राहिल्या. साहेबांची परवानगी काढून रोज पाळी सुटताना माझ्या रांगेत निम्म्या बायकांची झडती त्या घ्यायला लागल्या. पहिल्या दिवशी हात नुसता हवेत फिरायचा, बायका हसायच्या. एक तेलंगी म्हातारी म्हणाली, "बाई, मी काय तवा हाय का, हात पोळंल म्हून घाबरताय?" पण महिन्याभरात त्यांचा हात बसला. कानडी बायकांशी कानडीत बोलायच्या, तर रांग त्यांच्याकडेच वळायला लागली. अधिकाऱ्यांची झडती होत नसे, शिकाऊंची होई. म्हणून सगळ्या बायका गेल्या की शेवटी बिराजदारबाई माझ्यासमोर येऊन हात आडवे करायच्या आणि मी त्यांची झडती घ्यायची. नियम म्हणजे नियम.

आता अंबव्वाचं सांगते.

वाइंडिंग खात्यात अंबव्वा नावाची कामगार होती. मिलमध्ये प्रत्येकाला नंबर घातलेला पितळी बिल्ला असे. सकाळी बिल्ला टाइम ऑफिसच्या खिडकीत टाकला की हजेरी लागली. तोंड कोण बघतंय? बायकांच्या बिल्ल्याबरोबर फोटोही नव्हता. या लोकांच्या लेखी बिल्ला म्हणजे घरची वस्तू, तव्यासारखी. सासूला बरं नसलं की सून तो घेऊन कामाला यायची. खात्यातल्या बायकांवर देखरेख करणारी चंद्राबाई नायकीण होती, तिला, आणि खिडकीतल्या कारकुनालाही, माहीत असायचं आणि चालायचं. दोन-चार दिवसांची गोष्ट असली तर मलाही चालायचं.

अंबव्वाच्या कमरेला डावीकडे जुन्या गळवाचा खड्डा होता. बिराजदारबाई यायच्या कितीतरी आधी, एका सोमवारी बिल्ला तोच, डोक्यावरून पदर ओढलेला, पण माझ्या हाताखालची कंबर दुसरी. मी हात थांबवला. ती मान खाली घालून म्हणाली, "अत्तीला लकवा मारलाय, अक्का. आट दिसासाटी आलोय." अत्ती म्हणजे सासू. मी म्हटलं, जा. ते आठ दिवस तीन वर्षं चालले. सासू अंथरुणालाच खिळली, नवरा हमाली करायचा, कधी काम असे कधी नसे. सुनेचं नाव शांतव्वा. पण मिलमध्ये सगळे तिला अंबव्वाच म्हणत, आणि तीही त्याच नावाला ओ देई. काम तिचं चोख होतं.

एके दिवशी ती बिराजदारबाईंच्या बाजूला गेली. त्यांनी हात फिरवला, थांबल्या, माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "सोजरबाई, हिला पाचवा महिना ना?"

मी माझ्या जागेवरूनच बघून सांगितलं, "पाचवाच."

बाईंचा चेहरा उजळला. त्यांच्या वहीचा विषयच बाळंतपणाची रजा हा होता. कायद्यानं बाईला भरपगारी रजा मिळते, पण मिलमधल्या बायका ती मागतच नाहीत, पोट लपवून काम करतात, असं त्यांच्या ध्यानात आलं होतं. आता हाताला लागलेली पहिली बाई. तिचा अर्ज आपण स्वतः भरायचा, तिला रजा मिळवून द्यायची आणि ते वहीत लिहायचं.

दुसऱ्या दिवशी त्या रजिस्टर बघून आल्या आणि हसत म्हणाल्या, "टाइम ऑफिसवाल्यांची कमाल आहे. अंबव्वाचं वय चोपन्न लिहिलंय. असल्या नोंदीवर तिला रजा कोण देणार?" मग टेबलाशी बसून त्यांनी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला, की सदर कामगार स्त्रीचे वय नजरचुकीने चोपन्न असे नोंदले गेले आहे, ते तपासून दुरुस्त करावे. शिकलेल्या माणसाला वाटतं, कागद आणि माणूस जुळत नसतील तर कागद चुकला असेल. तो मुद्दाम चुकीचा ठेवलाय आणि त्या चुकीवर एक घर चाललंय, हे बाईंना कुठून सुचणार?

मी समोर भाकरी खात बसले होते. तो अर्ज कशासाठी आहे ते मला कळत होतं. तोंडात घास होता, हे काही कारण होऊ शकत नाही. मी बोलले नाही. तीन वर्षं बोलले नव्हते, तशीच त्या दिवशीही बोलले नाही. बाई अर्ज घेऊन टाइम ऑफिसात गेल्या.

दुपारपर्यंत सगळ्या मिलला कळलं. कारकुनानं स्वतःवर येऊ नये म्हणून अर्ज साहेबांकडे नेला, साहेबांनी शांतव्वाला मशीनवरून बोलावून समोर उभं केलं. पंचविशीतली पोटुशी बाई, बिल्ला चोपन्न वर्षांच्या म्हातारीचा. साहेबांनी चौकशी लावली, ती होईपर्यंत तिला कामावर राहू दिलं.

चंद्राबाई नायकीण माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. बिराजदारबाईंना म्हणाली, "लई शिकलात की, बाई. आमची एक बाई एका कागदात घरी बसनार. आनी दोन वर्षं शिकला असता तर खातं रिकामं केलं असतं." नायकीण गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "तुम्हांला माहीत होतं?"

मी मान हलवली.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी पेनाला टोपण घातलं आणि पुस्तक पिशवीत ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाळी सुटल्यावर शांतव्वा झडतीला आली. हात आडवे केले, मग खालीच बसली. बाई तिच्याजवळ बसल्या आणि दोघी कानडीत बोलू लागल्या. मला निम्मं कळत होतं. बाई परत परत सांगत होत्या की मला तुला रजा मिळवून द्यायची होती. शेवटी शांतव्वा मलाही कळावं म्हणून मराठीत म्हणाली, "तुमी चांगलं कराया गेलात, ते मला ठाव हाय. पर कागूद नीट करून आमाला काय मिळनार, बाई? आमी त्या चुकीवरच जेवत हुतो."

बिराजदारबाईंची अडचण आता शांतव्वाच्या अडचणीहून लहान नव्हती. दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं, "ही तुमची पहिली खरी केस. तुमच्याच अर्जामुळं उघडकीला आली. निवेदन लिहून द्या, की ही बाई दुसरीच्या नावावर काम करत होती. चौकशी पूर्ण होईल, मी तुमच्या वहीवर उत्तम शेरा देतो." लिहून दिलं की शांतव्वाला काढणार. सासूची नोकरी फसवणूक म्हणून जाणार. मग ना काम, ना रजा. आणि लिहून दिलं नाही तर वहीवर सही नाही, परीक्षा नाही, मैंदर्गी.

साहेब दुष्ट नव्हते, हे सांगायला पाहिजे. रजिस्टरवर महिनाअखेर त्यांची सही असायची, वरून विचारणा झाली तर त्यांचीच मान अडकणार होती. घरी दोन मुली होत्या. भ्यालेला माणूस नियमाला घट्ट धरतो, तसं त्यांचं झालं होतं.

दोन दिवस बाई ते वेष्टणाचं पुस्तक उलटसुलट वाचत होत्या. तिसऱ्या दिवशी चार पानं लिहून आणली. इंग्रजीत नव्हे, मराठीत. म्हणाल्या, "यात तुमचं नाव आहे, म्हणून आधी तुम्हांला वाचून दाखवते." सगळं खरं लिहिलं होतं. काम कुणी केलं, कधीपासून केलं, आणि हे कुणाकुणाला माहीत होतं: नायकीण, टाइम ऑफिसचा कारकून, झडतीवाली सोजरबाई. पुढं लिहिलं होतं की रजा काम करणाऱ्या बाईला द्यायची असते, आणि तीन वर्षं मशीनवर हात चालले ते याच बाईचे होते. मिलनं ते काम घेतलं, कापड विकलं.

वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुमचं नाव काढू का?"

मी म्हटलं, "काढा."

त्यांनी पेनानं एक रेघ मारली. माझी नोकरी होती, दोन मुलं शाळेत होती. ही कारणं तेव्हा मला पुरेशी वाटली.

चौकशी साहेबांच्या खोलीत झाली. साहेब, कारकून लिहायला, बिराजदारबाई, नायकीण, मी आणि शांतव्वा. साहेबांनी तिला विचारलं, "तुझं खरं नाव काय?" ती लगेच म्हणाली, "अंबव्वा." सवयीनंच म्हणाली. साहेब चिडले, "अगं खरं!" ती गोंधळली. डोळे भिरभिरायला लागले आणि माझ्यावर येऊन थांबले. रोज संध्याकाळी हात आडवे करून उभी राहायची, तशीच उभी होती.

साहेब मला म्हणाले, "तुम्ही रोज हिची झडती घेता. तुम्हांला कधी शंका आली नाही?"

उत्तर सोपं होतं. नाही साहेब, मी अंग बघते, तोंड बघत नाही. घरून निघतानाच ते तयार करून ठेवलं होतं. पण तोंडातून दुसरंच निघालं.

"शंका कशाला यील, साहेब? मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हातारीच्या कमरेला खड्डा हाय, हिच्या न्हाय. तुमी विचारलं न्हाय, मी सांगितलं न्हाय."

लिहिताना मी नीट मराठी लिहिते, पण त्या खोलीत मी अशीच बोलले. कारकुनानं लिहिणं थांबवलं. साहेब म्हणाले, "तुमच्या नोकरीवर बेतेल हे कळतंय का तुम्हांला?"

बिराजदारबाईंनी पुढं होऊन आपली चार पानं टेबलावर ठेवली, पेन काढलं आणि रेघ मारलेलं माझं नाव वरती पुन्हा लिहिलं. मग त्याखाली स्वतःचंही लिहिलं. म्हणाल्या, "अर्ज दिला त्या दिवशी दुपारी मलाही कळलं होतं, सर. तेव्हापासून आजपर्यंतची हजेरीही त्याच नावावर लागली आहे. मग माझंही नाव यात पाहिजे. आणि रजिस्टर ज्यांनी ज्यांनी तपासलं, त्यांचंही लिहावं लागेल. तेवढी जागा मी मोकळी ठेवली आहे."

धमकी द्यावी तसं त्या बोलल्या नाहीत. शाळेत मुलगी बाईंना उत्तर सांगते, तसं सांगितलं. साहेबांनी चारी पानं वाचली. शेवटच्या पानावरच्या मोकळ्या जागेकडे बराच वेळ बघितलं. मग फाईल मिटली आणि आम्हांला जायला सांगितलं.

आठवड्याभरानं निकाल लागला. सगळं जमलं असं कुणी समजू नये. अंबव्वानं वयामुळं काम सोडलं, असा कागद झाला आणि साहेबांचा माणूस घरी जाऊन तिचा अंगठा घेऊन आला. शांतव्वाला तिच्या स्वतःच्या नावावर बदली कामगार म्हणून घेतलं, म्हणजे जागा रिकामी असेल त्या दिवशी काम. साहेबांनी तेवढं केलं, आणि ते केलं म्हणून मी त्यांना वाईट म्हणत नाही. पण बदलीवर ती नवी ठरली. तीन वर्षं कुठल्याच कागदावर नव्हती, त्यामुळं रजेला लागणारे दिवस भरले नाहीत. आठव्या महिन्यापर्यंत ती मशीनशी उभी राहिली, घरी बाळंत झाली, मुलगी झाली, आणि दीड महिन्यात परत रांगेत आली. छाती दुधानं भरलेली असायची. तिथं मी हात लावत नसे.

मला मेमो मिळाला. तो माझ्या फायलीत शेवटपर्यंत राहिला.

बिराजदारबाईंच्या वहीवर साहेबांनी सही केली. शेरा मात्र असा लिहिला की उमेदवार हुशार आहेत, परंतु शिस्तीच्या प्रश्नात त्यांची बाजू ठरलेली असते. पुण्यातल्या तिघांनी तो शेरा वाचून त्यांना पास केलं नाही. दुसऱ्या कारखान्यात आणखी सहा महिने काम करून परत या म्हणाले.

तेव्हा मैंदर्गीहून त्यांचे वडील आले, मुलीला न्यायला. धोतर, काळी टोपी, कपाळाला विभूती. बाई टाइम ऑफिसात मिलचं सामान परत करायला गेल्या होत्या, म्हणून ते माझ्या खोलीत स्टुलावर बसले. पत्र्याची खोली, टोपलीतल्या कांड्या, लेकीचं टेबल, सगळं बघून घेतलं. मग विचारलं, "बाई, माझ्या पोरीनं हितं काय चूक केली? ती मला सांगत न्हाई."

मी म्हटलं, "चूक केली. एक कागद नीट करायला गेली आणि एका बाईची नोकरी जायची वेळ आणली."

"मग?"

"मग तिनंच निस्तरलं. निम्मं."

ते टेबलाकडे बघत म्हणाले, "तिच्यापायी तुमच्या नोकरीला काय लागलं का?"

"मेमो मिळालाय. पण तो माझ्यापायीच. मी आधी बोलले असते तर यातलं काहीच झालं नसतं."

ते उठले, टोपी नीट केली. बाई परत आल्या तेव्हा त्यांनी कानडीत दोनच वाक्यं सांगितली. काय म्हणाले ते बाईंनी मला नंतर सांगितलं. म्हणाले होते, आणखी सहा महिने लागत असतील तर लागू देत. दोन बायांच्या नोकरीशी खेळ झालाय, आता ते काम नीट शिकल्याशिवाय लग्न करून बसायचं म्हणजे काय.

बाई परीक्षा पास झाल्या. काही वर्षं दुसऱ्या गावी नोकरी केली. नगरकरसाहेबांची बदली झाल्यावर आमच्या मिलमध्ये जागा निघाली आणि त्या आल्या. आता ऑफिसात खोली होती, दारावर पाटी होती, पाटीवर नाव आणि खाली ते तीन शब्द. पहिल्या संध्याकाळी बायका गेल्यावर त्या माझ्यासमोर आल्या आणि हात आडवे केले. मी म्हटलं, "आता तुमची झडती नाही. अधिकारी झालात." त्यांनी हात खाली घेतले आणि जरा हसल्या. आम्ही दोघी असल्या गोष्टींवर फार बोलणाऱ्या नव्हतो.

त्यांच्या पहिल्याच महिन्यात शांतव्वा झडतीला आली आणि माझा हात थांबला. चौथा. या वेळी मी गप्प बसले नाही. मी तिला दंडाला धरून रांगेतून बाहेर काढलं आणि सरळ पाटीच्या खोलीत नेलं. एव्हाना ती कायम झाली होती, नावही तिचंच होतं, आणि दिवस भरले होते.

बाईंनी रजेचा फॉर्म काढला. नाव लिहिलं, शांतव्वा. नवऱ्याचं नाव, खातं, बिल्ला नंबर, सगळं पटापट झालं. मग विचारलं, "वय?"

शांतव्वा म्हणाली, "म्हातारीचं लिवू नगा म्हंजे झालं."

"खरं वय सांग."

"खरं मला तरी कुटं ठाव हाय, बाई? माज्या आईनं जवारीच्या काढनीला झालीस म्हनून सांगितलंय. कंच्या साली ते न्हाय सांगितलं."

बाईंनी पेन धरून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझ्याकडं बघू नका. मला महिना कळतो, वय नाही."

माझ्या खोलीत शिकायला आलेली बिराजदारबाई असती तर जन्माचा दाखला मागायला तिला गावी धाडलं असतं. या बाईंनी थोडा विचार केला आणि लिहिलं: वय अंदाजे अठ्ठावीस. खाली सही केली, सहीखाली ते तीन शब्द लिहिले. मग फॉर्म माझ्याकडे सरकवला. साक्षीदाराची जागा रिकामी होती. तिथं मी माझं नाव चौथीच्या अक्षरात पूर्ण लिहिलं.